पेरूच्या खानावळीत शिरण्याआधी घड्याळ बघा

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही सहाजण पुण्याहून पेरूला निघालोय. लिमा, आरेकिपा, कुस्को, मग बोलिव्हियातलं ला पाझ आणि शेवटी अर्जेंटिनातलं ब्युनोस आयर्स. दोघे पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही नको. एक मैत्रीण मासे-अंडी खाते. बाकी तिघांना सगळं चालतं, फक्त गोमांस नको. मोठ्या हॉटेलांत नाही, तिथली माणसं रोज जेवतात तिथे जेवायचंय. काय मागवावं? शाकाहारींचे हाल होतील का?"

गेली सतरा वर्षं मी मराठी मंडळींचे गट घेऊन त्या भागात जाते, त्यामुळे हा प्रश्न मला तोंडपाठ आहे. शाकाहारींचे हाल होणार नाहीत, हे आधीच सांगते. आणि "काय मागवावं" याच्या आधी "केव्हा जेवावं आणि कुठल्या दारातून आत शिरावं" हे ठरवा, असं मी प्रत्येकाला सांगते. ते जमलं की मागवण्याचं अर्धं काम आपोआप होतं.

पेरूतलं बाहेरचं साधं खाणं वेळेला बांधलेलं आहे. सेबिचे, म्हणजे लिंबाच्या रसातला कच्चा मासा, दुपारी. भट्टीतली कोंबडी रात्री. निखाऱ्यावर सळईत भाजलेले मांसाचे तुकडे, आंतिकुचो, दिवेलागणीनंतर. फळांचा रस सकाळी, मंडईत. आणि जो एक पदार्थ करतो, तो सहसा तेवढाच करतो. आपल्याकडे रात्री नऊला मिसळवाल्याच्या दारात जाऊन कोणी बिर्याणी मागत नाही, तसंच ते. दारात माणूस उभा करून पर्यटकांना हाका मारणारी, सगळंच विकणारी आणि रात्री आठला सेबिचे देणारी जागा दिसली की मी गटाला पुढे नेते. लिमाच्या माणसांकडे उलट प्रकारच्या जागेसाठी एक गोड शब्द आहे: वारिके. आडगल्लीतली, चार-सहा टेबलांची, खाणाऱ्यालाच ठाऊक असलेली जागा. तिथे तुम्हाला जायचंय.

दिवसाचं मुख्य जेवण दुपारचं, साधारण साडेबारा ते तीन. खानावळीबाहेर फळा लावलेला असतो, वर मोठ्या अक्षरात "मेनू". इथेच पहिली फसगत होते. आपण बसल्याबसल्या "मेन्यू द्या" म्हणतो. तिथे मेनू म्हणजे पदार्थांची यादी नव्हे, तर ठरलेलं दुपारचं जेवण. वाढणारी मुलगी मान डोलावते आणि पाच मिनिटांत समोर सूप येतं. यादी हवी असेल तर "ला कार्ता" म्हणा. पण माझं ऐकाल तर मेनूच घ्या. त्यात एक एन्त्रादा असतो, म्हणजे सूप किंवा एखादा थंड पदार्थ. मग सेगुन्दो, म्हणजे भाताबरोबरचा मुख्य पदार्थ. आणि रेफ्रेस्को, म्हणजे सरबताचा पेला, बहुतेकदा जांभळ्या मक्याची चिचा मोरादा किंवा पॅशनफ्रूटचं सरबत. वस्तीतल्या खानावळीत एवढ्याचे 10 ते 20 सोल होतात, सोल हे तिथलं चलन. फळ्यावर तीन-चार एन्त्रादे आणि पाच-सहा सेगुन्दो लिहिलेले असतात, त्यातला एकेक निवडायचा. अडीचनंतर गेलात तर निम्म्या नावांवर काट मारलेली दिसेल, म्हणून एकच्या आत टेबल धरा. अनोळखी माणूस तुमच्याच टेबलाला येऊन बसला तर गोंधळू नका. तो बसताना किंवा उठताना "प्रोव्हेचो" म्हणेल. "सावकाश होऊ द्या" असाच तो भाव आहे. तुम्हीही म्हणा.

आता शाकाहार. पहिल्या वर्षी मी लिमातल्या एका खानावळीत पाचजणांसाठी "सिन कार्ने", म्हणजे "मांसाशिवाय", असं सांगितलं. स्वयंपाकीणबाईंनी आनंदानं होकार दिला. सूप आलं, त्यात कोंबडीचा पाय. आमच्यातल्या एका काकूंनी चमचा घातला आणि तो पाय वर आला. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त बशी हळूच बाजूला सारली. त्या दिवशी त्यांचं जेवण चिवड्यावर झालं, आणि ते मला आजही लागतं. स्वयंपाकीणबाईंनी आम्हाला फसवलं नव्हतं. तिथल्या रोजच्या बोलण्यात कार्ने म्हणजे गाईबैलाचं मांस. कोंबडी ही पोयो, मासा हा पेस्कादो, आणि हॅम म्हणजे हामोन, तोही कित्येकांच्या लेखी कार्नेत धरला जात नाही. म्हणून "मी शाकाहारी आहे" एवढ्यावर थांबू नका. सगळी नावं घ्या: "नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन." अंडं नको असेल तर "सिन वेवो". आणि सूप घ्यायच्या आधी हे विचाराच: "एल काल्दो एस दे पोयो?" म्हणजे रस्सा कोंबडीचा आहे का. दहापैकी नऊ वेळा उत्तर हो येतं, कारण भाजीचं, किन्वाचं, भोपळ्याचं कुठलंही सूप असलं तरी खाली पाणी कोंबडीचं असतं. मग एन्त्रादा म्हणून थंड पदार्थ मागा.

आणि थंड पदार्थांतच खरी चांदी आहे. पापा आ ला वांकाइना घ्या: उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर ताजं चीज, आटवलेलं दूध, बिस्किटाचा चुरा आणि आही आमारीयो ही केशरी मिरची वाटून केलेली सळसळीत पिवळी चटणी. वर उकडलेलं अंडं आणि ऑलिव्ह ठेवतात, अंडं काढायला सांगा. आरेकिपाची ओकोपा याचीच बहीण, तिच्यात शेंगदाणे असतात आणि वाकाताय नावाचा पाला. हा पाला झेंडूच्या कुळातला आहे. पहिल्यांदा वास घेतल्यावर प्रत्येक मराठी माणूस क्षणभर थांबतो, कारण नाकाला तोरण आठवतं आणि जिभेला पुदिना. काही ठिकाणी ओकोपात कोळंबी घालतात, तेवढं विचारून घ्या. सोल्तेरितो हाही आरेकिपाचा: वालासारख्या टपोऱ्या शेंगांचे हिरवे दाणे, मका, ताजं चीज, कांदा, टोमॅटो यांची कोशिंबीर. काउसा म्हणजे लिंबू-मिरची लावून मळलेल्या पिवळ्या बटाट्याचे थर, मधे सहसा कोंबडी किंवा ट्यूना आणि अंड्याचं मेयोनीज. मधे फक्त पाल्ता, म्हणजे ॲव्होकाडो, भरून द्याल का विचारा, कित्येक जणी देतात. चीजबद्दल एक सांगायला हवं: ते जमवायला वापरलेलं रेनेट प्राण्याचं असू शकतं. तुमच्यातले दोघे तिथवर काटेकोर असतील तर ही चीजवाली वाट त्यांच्यासाठी बंद होते आणि मग पाल्ता, भात, उसळी आणि तळलेला युका नावाचा कंद यांवर भर द्यावा लागेल.

उसळी म्हटल्या त्या खरंच उसळीच. तिथे त्यांना मेनेस्त्रास म्हणतात. सोमवारी मसूर खाण्याची पेरूत जुनी रीत आहे, त्यामुळे सोमवारी दुपारी जवळजवळ प्रत्येक फळ्यावर "लेन्तेखास" सापडेल: भात, बाजूला दाटसर मसूर, वर लिंबू पिळलेला कांदा. तो चिरलेला कांदा जिभेला लागला की गटातली माणसं एकमेकांकडे बघून हसतात. मसुरात डुकराची चरबी किंवा तुकडे नाहीत ना, तेवढं विचारा. बाजूला ठेवलेला मांसाचा तुकडा काढून तळलेलं अंडं मागितलं तर तुमच्या अंडी खाणाऱ्या मैत्रिणीचं पोटभर जेवण झालं. उरलेला भात आणि उसळ एकत्र कालवून तव्यावर खरपूस भाजतात, तो ताकू ताकू. आपल्या फोडणीच्या भाताइतकाच तो घरगुती पदार्थ आहे.

मोठ्या शहरांत "व्हेजेतारियानो" अशी पाटी असलेल्या छोट्या खानावळीही आहेत. कितीतरी ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती कुटुंबांच्या, काही हरे कृष्ण भक्तांच्या. दर तोच, फळा तसाच, आणि सोयाबीन किंवा गव्हाच्या ग्लूटेनचं "मांस" घालून तेच पेरूचे पदार्थ. आठवड्यातून दोनदा तिथे जा. दर जेवणाला चौकशी करून शाकाहारी माणूस थकतो, आणि त्या थकव्याला विसावा लागतो.

एक सापळा खास मराठी माणसांसाठी आहे. काचेच्या कपाटात हुबेहूब आपल्या बटाटेवड्यासारखा, फक्त मोठा, लांबट, तळलेला गोळा दिसतो. तो पापा रेयेना. बाहेर बटाटा आणि आत गोमांसाचा खिमा, अंडं, कधी बेदाणे. आमच्या गटातले हात दर वेळी तिकडेच वळतात, आणि मी दर वेळी पुढे होऊन अडवते.

सेबिचेबद्दल मला मनापासून बोलायचंय, कारण मासे खाणाऱ्यांनी पेरूला जाऊन तो नीट खाल्ला नाही तर फार वाईट वाटतं. कच्चा मासा म्हणून घाबरणारे निम्मे असतात. लिमाच्या सुर्कीयो भागात मिराफ्लोरेस या भागाला लागूनच 'मंडई क्रमांक एक' आहे. अशा मंडईतल्या कट्ट्यावर उंच स्टुलावर बसा आणि समोर काय चाललंय ते बघा. मासा बोटभर तुकड्यांत कापला जातो. आधी मीठ. मग आही लिमो ही झणझणीत मिरची आणि कोथिंबीर. मग लिंबं, अर्धी कापून, हलक्या हातानं पिळलेली. हात हलका का, तर शेवटपर्यंत दाबलं की सालीचा कडवटपणा उतरतो. ते लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच, स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलेलं. पेरूत त्याला लिमोन सुतील म्हणतात आणि ते उत्तरेकडच्या पिउरा भागातून येतं. वर पातळ चिरलेला लाल कांदा, पाण्यातून काढून निथळलेला. चार-पाच मिनिटांत ताटली समोर येते: बाजूला उकडलेलं रताळं, मोठ्या दाण्यांचा पांढरा मका आणि भाजून कुरकुरीत केलेले मक्याचे दाणे, ज्यांना कांचा म्हणतात. रताळं तोंडी लावून मिरची उतरवायची असते. माशाचे तुकडे संपले की तळाशी उरतो तो पांढुरका रस, लेचे दे तिग्रे, वाघाचं दूध. तो चमच्यानं संपवा, टाकू नका.

पूर्वी मासा लिंबात तासन् तास मुरवत. आता मिनिटांचं काम झालं, ते जपानी स्थलांतरितांच्या हाताचं वळण. जपानी मंडळी 1899 साली 'साकुरा मारू' या जहाजातून पेरूत पहिल्यांदा उतरली. युनेस्कोनं 2023 साली सेबिचे करण्या-खाण्याच्या रीतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, पण कट्ट्यावरच्या बाईला त्यानं फरक पडलेला मला दिसला नाही. तिचा मासा सकाळचा असतो आणि दुपारी संपतो. म्हणूनच सेबिचेरिया चार-पाचच्या सुमारास बंद होतात, काही सोमवारी उघडतच नाहीत. लिंबानं मासा पांढरा होतो, पण जंतू मरतातच असं नाही. त्यामुळे गर्दीची जागा, दुपारची वेळ, आणि पोट आधीच नाजूक असेल किंवा कोणी गरोदर असेल तर सरळ तळलेला मासा, चिचारोन दे पेस्कादो, मागवा. त्यातही काही कमीपणा नाही.

रात्री कोंबडी. पोयेरिया म्हणजे भट्टीत फिरणाऱ्या सळईवर अख्खी कोंबडी भाजणारी जागा, आणि पेरूतली कुटुंबं आजी-नातवंडांसकट जिथे जमतात ती हीच. ही चाल 1950 साली लिमाच्या पूर्वेला सांता क्लारा इथे रॉजर शुलर या स्विस माणसाच्या 'ग्रांखा आसुल'मधून सुरू झाली. कोळसा आल्गारोबोच्या लाकडाचा असेल तर वास रस्त्यापर्यंत येतो. आपल्या रानोमाळ माजलेल्या वेड्या बाभळीच्या कुळातलंच हे झाड. मागताना "उन कुआर्तो", म्हणजे पाव, किंवा "मेदियो", म्हणजे अर्धी. मांसाहारी तिघांना एक अख्खी पुरते, कारण बटाट्याच्या जाड फोडींचा ढीग बरोबर येतो. वाट्यांतल्या चटण्या मागून घ्या. हिरवी असली तर ती बहुधा वाकातायची, आणि ती फोडींबरोबर शाकाहारींनाही आवडते, पण त्यात अंड्याचं मेयोनीज असू शकतं.

चिफा हे चिनी-पेरूवी खाणं. 1849 पासून पंचवीस वर्षांत सुमारे एक लाख चिनी मजूर पेरूत आणले गेले, उसाच्या मळ्यांवर आणि ग्वानो खताच्या बेटांवर राबायला. त्यांच्या मुलानातवंडांनी लिमाच्या कापोन रस्त्यावर जी चूल पेटवली, ती आज प्रत्येक वस्तीत आहे. आल्याला पेरूत 'किओन' म्हणतात आणि सोया सॉसला 'सियाओ', हे त्याच मजुरांचे शब्द. शाकाहारींसाठी चिफा म्हणजे हमखास आधार: "आरोस चाउफा सिन कार्ने, सिन पोयो, सिन वेवो, सोलो कोन वेरदुरास". प्रत्येक पदार्थ मागणीनंतर कढईत होतो, त्यामुळे इथे वगळायला सांगितलेलं खरोखर वगळलं जातं. लोमो साल्तादो हा पेरूचा लाडका पदार्थ इथलाच, पण तो गोमांसाचा. तुमच्या तिघांनी "साल्तादो दे पोयो" मागावा: कांदा, टोमॅटो, सियाओ आणि आच लागलेल्या कढईचा तो धुरकट वास, ताटात भातही आणि तळलेला बटाटाही.

गोमांस टाळणाऱ्यांनी आणखी दोन नावं ध्यानात ठेवा. संध्याकाळी गाडीवर सळईत ओवलेले, मिरची-व्हिनेगर-जिऱ्यात मुरवलेले जे काळसर तुकडे भाजत असतात ते आंतिकुचो. वास अप्रतिम येतो, पण ते बैलाचं काळीज आहे. गुलामगिरीच्या काळात आफ्रिकी वंशाच्या लोकांनी मालकांनी टाकलेल्या भागातून उभा केलेला हा पदार्थ आहे, तेव्हा खाणार नसलात तरी नाक न मुरडता बघा. दुसरं रोकोतो रेयेनो, भरलेली लाल गुबगुबीत मिरची. आत खिमा असतो, आणि ती मिरची आपल्या भरल्या मिरचीसारखी गरीब नाही. त्याच गाड्यांशेजारी पिकारोनेस मिळतात: रताळं आणि भोपळ्याच्या पिठाची तळलेली कडी, वर चान्काकाचा पाक. चान्काका म्हणजे गूळ. लिमाच्या केनेडी पार्कात संध्याकाळी गरम पिकारोनेस घ्या, सगळ्या सहाजणांना चालतील.

आरेकिपात पिकांतेरियात जाणं चुकवू नका. त्या म्हणजे बायकांनी चालवलेल्या खानावळी, लांब बाकं, मोठाली मातीची भांडी, आणि कोपऱ्यात बातान. बातान म्हणजे सपाट दगड आणि त्यावर मागेपुढे डोलवायचा अर्धगोल वरवंटा. ओकोपा अजूनही काही ठिकाणी त्याच्यावरच वाटतात, आणि मिक्सरमधल्या ओकोपाशी तिची तुलनाच होत नाही, हे पाट्यावरची चटणी खाल्लेल्याला सांगायला नको. तिथे वारागणिक सूप ठरलेलं असतं: सोमवारी चाके, मंगळवारी चाइरो, शुक्रवारी चुपे. नदीतल्या कोळंबीचा चुपे हवा असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये जाऊ नका, तेव्हा विणीच्या हंगामामुळे कोळंबी पकडायला बंदी असते, जशी आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारीला असते. सान कामिलो मंडईत केसो हेलादो खा. नावाचा अर्थ "गोठवलेलं चीज", पण त्यात चीज नाही. दूध, खोबरं, दालचिनी. कुल्फीची आठवण येईल. काही जणी त्यात अंड्याचा बलक घालतात, विचारून घ्या.

कुस्को सुमारे 3,400 मीटरवर आहे. पहिल्या दोन दिवसांत रात्रीचं जेवण अगदी कमी. दुपारी काय ते खा, रात्री सूप आणि पाव. विरळ हवेत अन्न सावकाश पचतं, आणि पहिल्याच रात्री भरपेट जेवलेला माणूस पहाटे तीनला माझं दार वाजवतो. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे मिळतो, तो तिथेच प्या. त्याच्या पिशव्या सामानात घालून भारतात आणू नका, आपल्या कायद्यानं ते पान अमली पदार्थांत मोडतं. मासे खाणाऱ्या मैत्रिणीसाठी इथे त्रुचा, म्हणजे ट्राउट. कुस्कोजवळच्या पवित्र खोऱ्यात रस्त्याकडेला बायका पातेल्यातून वाफाळतं कणीस आणि त्याबरोबर ताज्या चीजचा तुकडा देतात, दाणे अंगठ्याच्या नखाएवढे.

सकाळी सान पेद्रो मंडईत जा. रसवाल्या बायकांची एक अख्खी रांग आहे, फळांच्या उतरंडीमागे उंचावर बसलेल्या. प्रत्येकीला "कासेरा" किंवा लाडानं "कासेरिता" म्हणतात, आणि तीही तुम्हाला तेच म्हणते. हा शब्द नेहमीच्या गिऱ्हाइकालाही लागतो आणि नेहमीच्या विकणारीलाही. एक बाई मला दरवर्षी ओळखते. पपई-संत्रं सांगितलं की मिक्सर फिरवते, उंच पेला काठोकाठ भरून पुढे करते आणि मिक्सरचं भांडं खाली ठेवत नाही. मी अर्धा पेला पिईपर्यंत ती थांबते, मग भांड्यातला उरलेला रस परत माझ्या पेल्यात ओतते. ती यापा. भाजीवालीनं पिशवीत वरून टाकलेली कोथिंबिरीची काडी आणि दोन मिरच्या, तीच ही. म्हणून पेला संपवून लगेच उठू नका. पाणी उकळलेलं आहे का, ते विचारा आणि बर्फ नको म्हणा. आपण ज्याला पेरू म्हणतो ते फळ तिथे "ग्वायाबा" या नावानं मागा. आणि चिरिमोया दिसली तर अख्खं फळ घ्या, सीताफळाच्या घरातलंच आहे, गर जास्त आणि बिया कमी.

पैशांचं पटकन सांगते. सुटे ठेवा, 100 सोलची नोट छोट्या खानावळीत मोडत नाही आणि आपल्यामुळे त्यांची धावपळ होते. मेनूच्या जागी बक्षिसी सक्तीची नाही, पण दोन-चार सोल ठेवले तर आवडतं. वाढणाऱ्या मुलीला "सेन्योरिता", मुलाला "खोव्हेन" म्हणा. चुटकी वाजवू नका, शुक् करून बोलावू नका.

ला पाझमध्ये वेळेचा नियम आणखी कडक आहे. साल्तेन्या ही रसाळ भाजलेली करंजी सकाळी दहा-अकराला खायची, दुपारनंतर ती मिळणं कठीण. उभी धरायची, वरचं टोक चावायचं आणि आधी आतला रस प्यायचा, नाहीतर तो कोपरापर्यंत ओघळतो. "दे पोयो" मागा. शाकाहारींनी त्या वेळी आपी प्यावं, जांभळ्या मक्याचं लवंग-दालचिनी घातलेलं गरम दाट पेय, सोबत चीज भरून तळलेला फुगीर पास्तेल. सोपा दे मानी हे दाण्याचं सूप आहे आणि चव आपल्या उपासाच्या आमटीच्या फार जवळ जाते, पण खाली रस्सा बहुधा गोमांसाचा असतो. विचारल्याशिवाय कोणीही घेऊ नका. टेबलावर दगडावर वाटलेली टोमॅटो-मिरचीची याखुआ असते. ठेच्यावर वाढलेल्या माणसाला ती बघताक्षणी आपली वाटेल.

ब्युनोस आयर्सला घड्याळ पुन्हा बदलतं. रात्री नऊच्या आधी खानावळी रिकाम्या असतात. बिलात "कुबिएर्तो" नावाची रक्कम दिसेल, ती पाव आणि टेबल मांडण्याची, चूक नव्हे. मांसाच्या या शहरात शाकाहारींनी पिझ्झाच्या जुन्या दुकानांत जावं. उभ्यानं खायच्या जाड, चीजनं ओथंबलेल्या तुकड्यावर फाइना ठेवून देतात. फाइना म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची भट्टीतली जाड पोळी. बेसनाचं धिरडं पिझ्झावर ठेवलंय असं वाटतं आणि ते जमून येतं. एम्पानादा म्हणजे तिथल्या करंज्या, त्यांच्या कडेची मुरड सारणाप्रमाणे वेगवेगळी असते, मुरड बघून ओळखायचं. मक्याची ती "दे उमिता". पण पारीचं पीठ पुष्कळदा बैलाच्या चरबीत मळतात, तेव्हा तुम्ही सहाहीजणांनी "ला मासा तिएने ग्रासा?" असं विचारूनच घ्यावं. सकाळच्या मेदियालुना या चंद्रकोरी पावांतही दोन जाती आहेत, "दे ग्रासा" आणि "दे मान्तेका". तुम्ही दुसरी मागा. अर्जेंटिनात मान्तेका म्हणजे लोणी. हाच शब्द पेरूत डुकराच्या चरबीला वापरतात आणि लोण्याला मान्तेकिया म्हणतात, तेव्हा लिमात शिकलेलं इथे उलटं करायचं आहे. आणि तुमची तिथली एखादी रात्र 29 तारखेची असेल तर न्योकी मागवा. दर महिन्याच्या 29 ला ते खायची तिथे पद्धत आहे, ताटलीखाली नोट ठेवतात. उकडलेल्या बटाट्याचे ते मऊ गोळे टोमॅटोच्या साध्या रश्शात घेतले की शाकाहारीही जेवतील. पिठात अंडं आहे का, तेवढं मात्र आधी विचारा.